कोहक्याच्या तळ्यातले दोन आंधळे मासे

मामीची दाढ दर वर्षी वर्षावासातच दुखते. एरवी ती फुटाणे फोडते, सुपारी चघळते, कुणाचं ऐकत नाही. आषाढी पौर्णिमा उलटली आणि बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन सुरू झालं, की गालावर हात धरून बसते. मग कपाटातली बोटाएवढी बाटली निघते, कापसाचा बोळा भिजतो आणि घरभर लवंगेचा वास पसरतो.

काल निघाली. मी मशीनवर एका साडीला फॉल लावत होते. वास आला आणि माझा पाय पायडलवर तसाच थांबला.

"काय झालं व?" मामीनं विचारलं.

"काई नाई."

"आठवले ना?"

"हाव."

एवढंच. ती बोळा दाढेखाली धरून खिडकीशी बसली, मी पुन्हा पायडल मारू लागले. पण मशीन चालली की मला अजूनही वाटतं, कुणीतरी ऐकतंय.

त्या साली आम्ही भिलाईला, सेक्टर सहाच्या कंपनी क्वार्टरमध्ये होतो. मामा प्लांटात, फर्नेसवर. मी वाशीमकडच्या एका खेड्यातून आलेली. सातवीत शाळा सुटली, आई गेली, आणि मामा मला घेऊन आला तो थोडे दिवस म्हणून. ते थोडे दिवस कधी संपतील याची धास्ती मी कित्येक वर्षं उराशी धरून होते. गॅस बंद आहे का, नळ बंद आहे का, कडी लागली का, हे मी एकदा पाहून पुन्हा पाहायची. मामा म्हणायचा, "या पोरीले प्लांटात सेफ्टीत लावा रे कोणी, अ‍ॅक्सिडेंट बंद होतीन." सगळे हसायचे. मीही हसायची. पण कडी पुन्हा बघायचीच.

मामाची मुलगी, आमची ताई, माशांवर शिकत होती. माशांवर शिकायचं काय असतं, हे मामीला कधी कळलं नाही. "आपल्या घरात आठवड्याले मासे होतात, एवढं शिकायचं काय त्याच्यात?" असं ती शेजारणींना विचारायची, पण आवाजात अभिमान असायचा. बस्तरच्या डोंगरात चुनखडीच्या गुहा आहेत. तिथल्या एका लहानशा गुहेत, सरपटत जावं लागतं अशा जागी, ताईला पाण्याचं एक डबकं सापडलं होतं आणि त्यात मासे. करंगळीएवढे. रंग म्हणावा तर रंगच नाही, भाजून साल निघालेल्या बोटासारखे फिके गुलाबी. तोंडाशी बारीक मिशा. आणि डोळ्यांच्या जागी नुसता एकेक खळगा, वरून कातडं आलेलं.

पावसाळ्यात गुहेत पाणी शिरतं, वाट बंद होते. त्याच्या आधी ताई तिथून पाच मासे घेऊन आली. पाचांचीच परवानगी मिळाली होती, आणि ती पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. कॉलेजात खोल्यांची दुरुस्ती चालू होती, अंधारी आणि थंड जागा नव्हती. आमच्या क्वार्टरच्या मागच्या बाजूला मात्र एक कोठडी होती, गोधड्या आणि बंद कूलर ठेवायची. तिला खिडकी नव्हती. ताईनं तिथे काचेची टाकी मांडली, तळाशी गुहेतलेच दगड टाकले, दाराच्या फटींना माझ्याकडच्या चिंध्या ठोसल्या.

आठ तास भट्टीसमोर उभा राहून आलेला मामा चहाचा कप हातात घेऊन त्या बंद दाराकडे बघायचा. "माही सारी जिंदगी आगीपुढं गेली," म्हणायचा, "अन् माह्या घरात हे मायलेकी अंधार पोसून राहिल्या."

ताई दिवसभर कॉलेजात. मामी विहारात नाहीतर भाजी आणायला. घरात मी आणि मशीन. म्हणून मासे माझ्याकडे आले. सेक्टरच्या पाण्याला औषधाचा वास असतो, ते बादलीत दोन दिवस उघडं ठेवून मगच टाकीत घालायचं. हात साबणाचा नको. गजर नको, उदबत्ती नको. खायला गांडुळं. मी मागच्या पेरूखाली उकरून काढायची आणि ब्लेडनं बारीक करायची, तर एक दिवस मामी दारात उभी.

"व माय! वर्षावासात?"

"मामी, ताईनं सांगतलं..."

"एकाले जगवाले दुसऱ्याले मारतं? पहिलं शील कोणतं आहे, सांग बरं." जीवहत्या करणार नाही, हे पहिलं शील. सकाळी ते म्हणूनच ती चहा घेते. त्या दिवसापासून माशांना उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक मिळू लागला. ताईनं डोक्याला हात लावला, पण त्यांनी तो खाल्ला.

शेजारच्या क्वार्टरमधल्या साहू वहिनी एकदा तांबडा कागद लावलेल्या टॉर्चनं मासे बघून गेल्या. "एमन ला दिखय नइ, त खाथें कइसे?" त्यांनी विचारलं. दिसत नाही तर खातात कसे, हा मलाही प्रश्न होताच. उत्तर मला पायांनी दिलं. मशीन कोठडीच्या भिंतीला लागून होती. ताईनं तांबड्या टॉर्चनं पाहिलं होतं, मी पायडल मारायला लागले की पाचही मासे थबकायचे, एकाच दिशेला तोंड करून. मी थांबले की हलायचे. अनवाणी पायानं फरशीवर दोनदा आपटलं, की टाकीच्या ज्या कोपऱ्यात मी बलक टाकायची त्या कोपऱ्यात येऊन जमायचे. ताई म्हणाली, त्यांच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, पाण्यातली थरथर त्यांना तिथून कळते.

"मतलब थे मले ओळखतात?"

"तुले नाई. तुह्या पायाले."

ते मला पुरेसं होतं. सेक्टर सहात मला ओळखणारं तेव्हा कोण होतं! मराठी घरातच. उंबऱ्याबाहेर पडलं की हिंदी, आणि माझी हिंदी ऐकून दुकानदार विचारायचे, कहाँ से हो. गावी गेले तर तिथले म्हणायचे, भिलाईवाली आली. बाहेरच्या पाण्यातून गुहेत वाहत गेलेल्या माशांना अंधारात राहून राहून दुसरा रंग येतो, असं ताई सांगायची, तेव्हा मी मान खाली घालून टाके घालत राहायची.

ताईचं सगळं याच गोष्टीवर अडलं होतं. गुहेबाहेरच्या नाल्यातही एक मासा आहे, तसाच, पण डोळे असलेला, अंगावर काळपट पट्टे असलेला. तिचे सर म्हणत, हा तोच. पुरात आत गेला, आंधळा झाला, रंग उडाला, एवढंच. ताईला वाटत होतं, नाही, हा वेगळा आहे, फार फार पूर्वी वेगळा झालाय. पण वाटून चालत नाही. पोहायच्या परांमधले काटे मोजावे लागतात, पाठीचे मणके मोजावे लागतात, मिशांची लांबी, डोक्याची रुंदी, सगळं नाल्यातल्या माशाशी ताडून बघावं लागतं. आणि वेगळा ठरला, तरी नाव देताना त्यातला एक मासा काचेच्या बरणीत, औषधात, कायमचा संग्रहालयात ठेवावा लागतो. पुढे जगात कुणीही तसा मासा धरला, तर त्या बरणीतल्याशी ताडून बघणार. त्या एकावर बाकी सगळ्यांचं नाव उभं राहतं.

घाई होती ती दुसऱ्याच कारणानं. त्या गुहेत बिजली नेऊन, पायऱ्या करून, लोकांना आत सोडायचं घाटत होतं. पाऊस ओसरला की काम लागणार, असं गावातले लोक ताईला सांगत होते. आत फक्त नेहमीचाच मासा आहे, असं ठरलं तर कुणी थांबणार नव्हतं. जगात दुसरीकडे कुठेही नाही असा आहे, असं ठरलं तर निदान विचारावं तरी लागणार होतं.

यातलं बरणीचं मामीला कुणी सांगितलं नव्हतं. जेवताना ताईच्या तोंडून सहज निघालं. मामीनं भाकरीचा घास ताटात ठेवला.

"म्हणजे तू यायले मारणार?"

"तीनच. एक बरणीले, दोन मोजाले. आई, सुन ना..."

"या घरात? वर्षावासात?"

ताईनं समजावलं. मामानं विषय बदलून पाहिला. मामी नुसती ऐकत राहिली. तिचं ते ऐकणं मला भीतीदायक वाटलं होतं, पण मला तर सगळंच भीतीदायक वाटतं, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

भादव्यातल्या पौर्णिमेला मी बाजारातल्या दुकानात ब्लाउज पोचवायला गेले होते. परत आले, पाय धुतले, कोठडीत जाऊन दोनदा फरशीवर आपटलं. कोपऱ्यात तीन आले. मी पुन्हा आपटलं. तीनच. दगड हलवले, चिंध्या काढल्या, जमिनीवर बोटांनी चाचपलं. आता मला गावी धाडतील, हेच पहिलं मनात आलं. माशांचं नंतर.

बाहेर आले तर मामी पांढऱ्या लुगड्यात ओसरीवर बसलेली. शेजारी रिकामा लोटा.

"मी सोडून आली," ती म्हणाली. लपवायचं तिच्या स्वभावातच नाही. "कोहक्याच्या तलावात. ऑटोनं गेलती. दोनच हाती लागले, बाकीचे लय चपळ आहेत. लोट्यात पण दोनच मावले."

तिचा चेहरा मला आजही दिसतो. दान करून आलेल्या बाईचा चेहरा. "त्यायले उजेड भेटला पोरी," ती म्हणाली. "जलमल्यापासून अंधारात होते बिचारे. पाण्यात सोडले अन् वर ऊन पडलं."

ताई संध्याकाळी आली. मी कोपऱ्यात उभी. वाटलं, आता विचारेल, तू कुठं होती? तिनं मला काहीच विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. कोठडीत गेली, बाहेर आली, चपला तशाच पायात ठेवून मामीसमोर जमिनीवर बसली. ओरडली नाही.

"आई, तलावात बगळे आहेत ना?"

"राहतीनच."

"बगळ्याले थे दिसतात. पांढरे, चमकतात पाण्यात. त्यायले बगळा नाई दिसत."

मामीची नजर रिकाम्या लोट्यावर गेली.

"उजेडाचं त्यायले काई नाई व आई. त्यायचं घर अंधार आहे. तिथंच थे सेफ होते."

मामीनं लोटा उचलला, आतून पुसला, जागेवर ठेवला. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी वाचनाला गेली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, चाल माह्यासंगं, आणि आम्ही दोघी सेक्टरांपलीकडच्या कोहका वस्तीत गेलो. तळं भरलेलं, कडेला म्हशी, पलीकडे बाया धुणं आपटत होत्या. त्या आपटण्याची थरथर पाण्यात जात असेल, असं माझ्या मनात आलं, पण बोलले नाही. बगळे होते. मामी त्यांच्याकडे खूप वेळ बघत होती. तिनं अर्धा जन्म ज्या शब्दाची ओढ धरली, ज्याच्यासाठी पोरीला शिकवलं, तो उजेड कुणाचा जीवही घेऊ शकतो, हे तिला त्या काठावर उभं राहून गिळावं लागलं. मी तिचा हात धरला. तो गार होता.

घरी परतल्यावर तिनं ताईला विचारलं, "तुहं हे नाव ठेवणं एवढं कायले पाहिजे? नाव नसलं म्हणून मासा जगत नाई काय?"

"जगते. पण ज्याचं नावच नाई, त्याच्या घरात कोणीबी घुसते आई."

मामी सुपारी कातरत होती. कातरता कातरता थांबली. "माह्या बाले गावात कोणं नावानं हाक नाई मारली," ती म्हणाली. "वस्तीच्या नावानं मारत. नाव होतं त्याले. चांगलं होतं." मग पुन्हा अडकित्ता धरून, "वेगळा आहे म्हणाले तुले कायकाय मोजा लागते?"

"काटे, मणके, सारंच. मोजल्याशिवाय वेगळं म्हणताच येत नाई. नियम आहे तो."

"आपल्याले वेगळं म्हणतानी आपले कोणं मोजले होते?"

मामा पेपर वाचत होता, त्यानं पान उलटलं नाही.

त्यानंतर दोघींनी आपसात काय ठरवलं ते मला सकाळीच कळलं. तीनऐवजी एक. उरलेले दोन पाऊस संपला की त्यांच्या डबक्यात परत न्यायचे. आणि जे करायचं ते मामीच्या समोर. ताई म्हणाली की त्याला दुखू नये म्हणून पाण्यात लवंगेचं तेल घालतात, त्यानं झोप लागते आणि ती झोप मग सुटत नाही. औषधाच्या दुकानातून आणते. मामी उठली, कपाट उघडलं आणि आपली दाढेची बाटली आणून ताईच्या हातात दिली.

मासा जाळीनं पाठलाग करून धरायचा नव्हता, घाबरवायचा नव्हता. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तू बोलाव."

मी बोलावलं. रोजच्यासारखं, अनवाणी पायानं, दोनदा. ते आले. त्यांना माझ्या पायाचा अर्थ एकच माहीत होता. जो सर्वांत आधी आला त्याच्याखाली ताईनं वाटी धरली.

वाटीतल्या पाण्यात तेलाचे थेंब पडले, पाणी दुधाळ झालं. लवंगेचा वास कोठडीत कोंदला. मासा थोडा वेळ फिरला, मग एका कुशीवर कलला, मग मिशा तेवढ्या हलत राहिल्या. मामी पांढरं लुगडं नेसून समोर बसली होती. ओठ हलत होते, पाली शब्द होते, आवाज नव्हता. मिशा थांबल्यावरही ती थांबली नाही.

ताईची एक मैत्रीण दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यातल्या मशीनवर त्या माशाचा एक्स-रे निघाला. "पेशंटची कोणती दाढ आहे?" मामानं विचारलं, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा मामी हसली. ती फिल्म मी खिडकीशी धरून पाहिली. एवढ्याशा जिवाचा कणा, एकेक मणका सुटा, सारख्या अंतरावर. पिकोच्या टाक्यासारखा, पण एवढा बारीक टाका कोणत्याच मशीनला येत नाही. ताई पेन्सिलीचं टोक ठेवून मोजत होती, पुन्हा पहिल्यापासून मोजत होती, माझ्यासारखीच, कडी पाहावी तशी. मला पहिल्यांदा वाटलं की पुन्हा पुन्हा पाहण्यात लाजण्यासारखं काही नसतं. कुणाबद्दल काही ठरवायचं तर तेवढं पाहिलंच पाहिजे.

हिवाळ्यात गुहेची वाट मोकळी झाली तेव्हा ताई मलाही घेऊन गेली. दोन्ही मासे डब्यात, डबा ओल्या गोणपाटात, गोणपाट माझ्या मांडीवर. रस्ताभर मी खड्डे मोजत गेले. गुहेच्या तोंडाशी डब्याचं झाकण दोनदा तपासलं आणि सरपटले. डबक्याशी पोचल्यावर ताईनं डबा पाण्यात बुडवून आमचं आणि त्यांचं पाणी हळूहळू एक होऊ दिलं, आणि मग म्हणाली, "टॉर्च बंद करू?"

तिनं बंद केला. असा अंधार मी कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेत, हे बोटानं चाचपावं लागत होतं. मला वाटलं होतं मी किंचाळेन. पण त्या काळोखात मला कुणी पाहत नव्हतं, मीही कुणाकडे पाहत नव्हते, काय चुकलं हे तपासायला काही दिसतच नव्हतं. उरात कितीतरी वर्षं आवळून धरलेलं काहीतरी सैल झालं. पाण्यात अगदी बारीक डुबकन आवाज झाला. मी पाय आपटला नाही. आता त्यांना बोलवायचं नव्हतं.

निर्णय यायला दोन पावसाळे लागले. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी ताईचं लिखाण तपासलं, शंका काढल्या, परत पाठवलं, पुन्हा तपासलं. सरांनीही शेवटी मान्य केलं, आपणहून, मोठ्या मनानं. वेगळा आहे. तोवर मामा रिटायर झाला होता, क्वार्टर सोडून आम्ही इथे कोहक्यात दोन खोल्या बांधून आलो होतो. मला वाटलं होतं, नव्या घरात माझी जागा नसेल. नकाशा काढताना मामानंच विचारलं होतं, "तुह्या मशीनले खिडकी कोण्या बाजूनं पाहिजे?" त्यानं उत्तरेला ठेवली. तीच ही खिडकी.

ताई नाव सांगायला आली. माशाच्या नावात दोन शब्द असतात. पहिला लांबलचक, घराण्याचा, तो मला अजूनही नीट येत नाही. दुसरा ठेवणाऱ्यानं ठेवायचा.

"काय ठेवलं?" मामीनं विचारलं.

"मेत्ता."

सगळ्या जिवांचं भलं चिंतायचं, त्या मायेला पालीत मेत्ता म्हणतात. मामी हा शब्द विहारात दर रविवारी म्हणते. "हा तं आपला शब्द आहे."

"हाव."

"मी त्यायले मारून टाकलं होतं व."

"त्यायच्यासाठीच गेलती ना तू," ताई म्हणाली.

गुहेत अजून बिजली लागलेली नाही. पुढचं कुणी सांगावं. काम थांबलंय, वाट दिसू नये म्हणून गावातले लोक तिच्यावर झुडपं लावून ठेवतात, एवढं कळतं. मला त्याचीही काळजी वाटते. वाटणारच.

पण त्या दिवशी, नाव कळलं त्या दिवशी, मामीनं लगेच चपला घातल्या. तळं घरापासून हाकेच्या अंतरावर. काठावर म्हशी होत्या, बगळे होते, पाणी गढूळ हिरवं होतं, त्यात काय आहे नि काय नाही ते कुणालाच दिसत नव्हतं. मामी पायरीवर वाकली. पहिला लांबलचक शब्द ताईनं तिला तुकडे पाडून पढवला होता. तो तिनं चुकत, थांबत, पुन्हा सुरुवातीपासून घेत, पाण्याला सांगितला. मग दुसरा, न अडखळता.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू सांग त्यायले. तुहा पाय ओळखतात ना थे?"

मी चप्पल काढली आणि ओल्या पायरीवर दोनदा पाय आपटला.